भुईकोटातली पहाट

पहाटेचे तीन-साडेतीन वाजलेले असत. नगरचा भुईकोट किल्ला अंधारात बुडालेला असे. आतल्या अंगणाभोवती ज्या खोल्या आहेत, त्यांपैकी एका खोलीत मात्र दिवा लागे. तिथे पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ स्वतःच्या हाताने चहा करत. हा चहा आपल्या घरातल्यासारखा उकळलेला, दूध घातलेला नसे. चिनी जास्मिन चहाची नाजूक पत्ती, वाफाळते पाणी आणि एक छोटा पेला, एवढाच सरंजाम. एक घोट चहाचा आणि मग एक झुरका सिगारेटचा, असा सावकाश क्रम चाले. त्यानंतर ते कागद पुढे ओढत आणि आपल्या एका मित्राला पत्र लिहायला बसत. ते पत्र टपालात पडणार नाही, हे त्यांना चांगले ठाऊक असे. तरी ते लिहीत, आणि त्या वेळी त्यांच्याइतका सुखी माणूस त्या किल्ल्यात, कदाचित किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या जगातही, दुसरा नसे.

हे गृहस्थ म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद. साल १९४२. त्या वेळी ते काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि इंग्रज सरकारचे कैदी.

आपण मौलानांना ओळखतो ते पाठ्यपुस्तकातून. उंच टोपी, टोकदार दाढी, स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री. ११ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस २००८ सालापासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. पण या माणसाच्या आयुष्यातला सर्वांत अंतर्मुख काळ आपल्या नगरच्या मातीत गेला, याची आठवण फारशी कुणी काढत नाही. आनंद बाहेर शोधायचा की आत, हा प्रश्न आपण प्रवचनात ऐकतो आणि घरी येऊन विसरतो. मौलानांना तो प्रश्न चार भिंतींच्या आत, रोज सोडवावा लागला. तो त्यांनी कसा सोडवला आणि एका वळणावर तो त्यांच्यावरच कसा उलटला, याची ही कहाणी आहे.

झाडीतले लहान मूल

मौलानांचा जन्म १८८८ सालचा, मक्केतला. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे धर्मपंडित. त्यांना मानणारा शिष्यवर्ग मोठा होता. आई अरब घराण्यातली. मूल लहान असतानाच कुटुंब कलकत्त्याला येऊन स्थायिक झाले आणि थोड्याच काळात आईचे छत्र हरपले. वडिलांचा इंग्रजी शिक्षणावर विश्वास नव्हता. त्यामुळे मुलगा शाळेत गेलाच नाही. फारसी, अरबी, तर्कशास्त्र, गणित, धर्मशास्त्र हे सगळे घरीच झाले आणि इतक्या वेगाने झाले, की ज्या वयात इतर विद्यार्थी निम्म्या वाटेवर असतात, त्या वयात या मुलाचा अभ्यासक्रम पुराही झाला होता.

ज्या वयात मुले विटीदांडू आणि पतंग यांत रमतात, त्या वयात हा मुलगा पुस्तक घेऊन कलकत्त्याच्या डलहौसी चौकातल्या बागेत जाई आणि झाडीचा आडोसा बघून बसून राही. घरात रोज शिष्यांची वर्दळ. मोठ्या पीराचा मुलगा म्हणून लोक त्याच्याही हाताचे चुंबन घेत. त्या मानाचा मुलाला मनापासून कंटाळा असे. एकांत हे त्याच्यासाठी औषध नव्हते, खेळणे होते. पुढे एका तुरुंगात शिक्षा म्हणून एखाद्या कैद्याला एकांत कोठडीत टाकल्याचे ऐकले, की मौलानांना नवल वाटे. जी गोष्ट आपण जन्मभर मागत आलो, ती शिक्षा कशी असू शकेल, असे त्यांच्या मनात येई.

किशोरवयात या मुलाच्या मनात शंकांनी घर केले. बापजाद्यांकडून आलेली श्रद्धा खरोखर आपली आहे, की फक्त वारसाहक्काने मिळालेली मालमत्ता आहे? उत्तर सापडेना. काही वर्षे फार ओढाताणीत गेली. याच काळात त्याने लेखणीसाठी ‘आझाद’ हे नाव घेतले. त्यात राजकीय स्वातंत्र्याचा अर्थ नंतर आला. मुळात ते नाव आपण परंपरेच्या बेडीत नाही, हे स्वतःलाच सांगण्यासाठी होते. पुढे ते पुन्हा श्रद्धेकडे वळले. पण आता ती श्रद्धा त्यांनी स्वतः शोधून, तपासून घेतलेली होती. कुराणावरचे त्यांचे भाष्य ‘तर्जुमान-उल-कुराण’ हे त्या शोधाचे फळ.

घरात संगीताला मज्जाव असताना या तरुणाने सतार शिकली, हेही सांगितले पाहिजे. काही वर्षे त्याने त्या वाद्यावर मन लावून मेहनत केली. आग्र्याला गेल्यावर चांदण्या रात्री सतार घेऊन तो ताजमहालाच्या गच्चीवर यमुनेकडे तोंड करून बसे आणि वाजवत राही. सतार पुढे सुटली. संगीताचे वेड मात्र सुटले नाही.

मग सार्वजनिक आयुष्य सुरू झाले आणि एकांत दुर्मीळ झाला. १९१२ साली ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक त्यांनी कलकत्त्यातून काढले. त्याच्या भाषेने उत्तर हिंदुस्थानातले मुसलमान तरुण खडबडून जागे झाले. सरकारने ते बंद पाडले. १९१६ साली मौलानांना बंगालमधून हद्दपार करण्यात आले आणि रांचीला स्थानबद्ध करून ठेवण्यात आले. तिथून सुटका झाली ती १९२०च्या पहिल्या दिवशी. त्याच महिन्यात गांधीजींशी भेट झाली आणि पुढचा मार्ग ठरला. १९२३ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ते काँग्रेसच्या दिल्लीतल्या विशेष अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. १९४० साली रामगडला ते पुन्हा अध्यक्ष झाले. या सगळ्यात तुरुंगाच्या वाऱ्या चालूच होत्या.

नगरच्या किल्ल्यात

८ ऑगस्ट १९४२च्या रात्री मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर झाला. ९ ऑगस्टच्या पहाटे धरपकड झाली. एकाच खास गाडीतून सगळ्यांना नेण्यात आले. गांधीजी आणि त्यांच्याबरोबरच्या काहींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले. काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना घेऊन गाडी नगरला आली.

निजामशाहीच्या या राजधानीचा भुईकोट दगडात बांधून काढला तो सोळाव्या शतकात, हुसेन निजामशहाच्या काळात. घेर सुमारे पावणेदोन किलोमीटर, भोवती रुंद खंदक. चांदबिबीने मोगलांना इथेच झुंजवले आणि १८०३ साली इंग्रजांनी शिंद्यांकडून तो घेतला. मौलानांना इतिहासाचे वेड. किल्ल्यात पाऊल ठेवताच त्यांच्या डोळ्यांपुढून ही शतके सरकू लागली. कैद्यांवर देखरेख करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याला त्यांनी लगेच ‘चिताखान’ असे नाव देऊन टाकले. चांदबिबीच्या काळात या किल्ल्यात त्या नावाचा एक हबशी सरदार होता.

किल्ल्यात एकूण बारा जण होते. मौलाना, जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आसफ अली, सय्यद महमूद, पट्टाभी सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. सुरुवातीला वर्तमानपत्र नाही, पत्र नाही. बाहेर देश पेटलेला आणि आत काहीच कळायला मार्ग नाही. प्रत्येकाने आपापला आधार शोधला. कुणी ग्रंथात डोके घातले, तर कुणी उजाड अंगणात फुलझाडे लावायला घेतली. बागकामात जवाहरलाल आघाडीवर होते. पुढे १९४४ साली त्यांनी याच किल्ल्यात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले.

मौलानांनी आधार शोधला तो पहाटेचा. आपल्या पहाटेच्या या दोन-तीन तासांवर सरकारचा काहीही अंमल नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. सूर्य तुरुंग आणि राजवाडा असा भेद करत नाही. चांदणे किल्ल्याच्या अंगणात पडते तसेच बाहेर पडते. मग कैदेत हरवते ते काय? त्यांच्या मते हरवते ते फक्त आपले लक्ष. माणूस आयुष्यभर बाहेरच्या वस्तूंच्या मागे फिरतो आणि ज्या एका ठिकाणी सुख असू शकते, तिकडे कधी फिरकत नाही. ते ठिकाण म्हणजे त्याचे स्वतःचे मन.

यापुढे जाऊन त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली आणि ती कुटुंबात राहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रसन्न राहणे ही केवळ स्वतःची गरज नाही, ते दुसऱ्यांविषयीचे कर्तव्य आहे, असे ते मानत. घरात एक जण तोंड पाडून बसला, तर सगळ्या घरावर मळभ येते. आपला चेहरा आपल्यापेक्षा दुसऱ्यांनाच अधिक वेळ पाहावा लागतो! वैराग्य म्हणजे कोमेजलेला चेहरा, हे समीकरण त्यांना मान्य नव्हते.

ही पत्रे ते लिहीत ती अलीगडजवळच्या भीकमपूरचे विद्वान रईस नवाब हबीबुर रहमान खान शेरवानी यांना. पत्रांत राजकारण जवळजवळ नाही. चहा आहे, फुले आहेत, ईश्वराच्या अस्तित्वाचा विचार आहे, इतिहास आहे, संगीत आहे. पत्र लिहून झाले, की ते कागदांत ठेवून दिले जाई.

याच जिल्ह्यात, नगरहून साठेक किलोमीटरवर, प्रवरेकाठच्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. माणसाने आत वळून पाहावे, हे या मातीला नवे नाही. मौलाना मक्केहून कलकत्त्यामार्गे आले आणि वेगळ्या भाषेत, वेगळ्या श्रद्धेतून त्याच वाटेवर बसले.

चिमण्यांची शाळा

मौलानांच्या खोलीचे छत जुने, लाकडी तुळयांचे. त्यात चिमण्यांनी घरटी केली होती. दिवसभर चिवचिवाट आणि वरून काड्या-कचऱ्याचा वर्षाव. मौलाना स्वच्छतेचे आणि नीटनेटकेपणाचे भोक्ते. त्यांनी युद्ध पुकारले. बांबू घेऊन चिमण्यांना हुसकावले. चिमण्या गेल्या आणि थोड्या वेळाने परतल्या. पुन्हा मोहीम, पुन्हा माघार. शेवटी काँग्रेसच्या अध्यक्षांनी हार पत्करली आणि तहाची बोलणी सुरू केली.

त्यांनी तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात केली. आधी दूर, मग थोडे जवळ, मग आणखी जवळ. स्वतः पुतळ्यासारखे निश्चल बसून राहत. आधी एक धीट चिमणा आला. मग बाकीचे आले. होता होता चिमण्या त्यांच्या अगदी अंगाशी येऊन दाणे टिपू लागल्या. मौलानांनी त्यांची नावे ठेवली. बेधडक असेल तो कलंदर, तोऱ्यात वावरणारा मुल्ला, गप्प बसणारा सूफी. एका चिमणीचे नाव मोती.

या मोतीचे एक पिल्लू होते. पंख फुटले होते, पण ते उडेना. डोळे मिटून, अंग चोरून बसून राही. आई दाणा भरवी, चोचीने ढोसे, उडून दाखवी. पिल्लू ढिम्म. मौलाना रोज पाहत होते. आणि एक दिवस काय झाले कुणास ठाऊक, त्या पिल्लाने मान उचलली, अंग सावरले, पंख पसरले आणि ते असे उडाले, की क्षणात दिसेनासे झाले.

पंख कालही होते. आकाशही होते. आईचे प्रयत्नही होते. नव्हती ती एकच गोष्ट. आपल्याला उडता येते, याची जाणीव. ती आतूनच यावी लागते. बाहेरून कुणी ती भरवू शकत नाही. मौलानांना या छोट्याशा घटनेत माणसाच्या आत्मबोधाचे सगळे रहस्य दिसले आणि त्यांनी ते नवाबसाहेबांच्या पत्रात मोठ्या खुशीने लिहिले.

चिमण्यांची ही हकिगत त्यांनी लिहिली ती मार्च १९४३च्या मध्यावर. त्यानंतर जेमतेम आठवडा गेला असेल.

पाठमोरी खुर्ची

२३ मार्च १९४३ रोजी चिताखानाकडे मुंबई सरकारचा निरोप आला. मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात अत्यवस्थ होत्या.

झुलेखा बेगम यांच्याविषयी इतिहासाने फार कमी लिहून ठेवले आहे. दोघांचा संसार छत्तीस वर्षांचा. एकुलता एक मुलगा, हुसेन, चार वर्षांचा होऊन गेला. नवरा कधी तुरुंगात, कधी दौऱ्यावर, कधी पुस्तकात. पैशाची ओढ कायमचीच. पण १९२२ साली मौलानांना एक वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा या बाईंनी गांधीजींना कळवले, की शिक्षा अपेक्षेपेक्षा कमीच झाली आहे आणि मौलानांचे बंगालमधले खिलाफत समितीचे काम आता मी पाहीन. पडद्यात राहणाऱ्या स्त्रीचे हे धैर्य.

१९४१ साली मौलाना नैनीच्या तुरुंगात असतानाच त्यांची प्रकृती ढासळू लागली होती. १९४२च्या उन्हाळ्यात हवापालटासाठी त्या रांचीला जाऊन आल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला मौलाना मुंबईला निघाले, तेव्हा त्या नेहमीप्रमाणे दारापर्यंत आल्या. फक्त निरोपाचे दोन शब्द बोलल्या, बाकी काही नाही. १९१६ साली मौलानांना हद्दपारीला सामोरे जावे लागले, तेव्हा त्यांचा धीर सुटला होता आणि मौलाना त्यावर बरेच दिवस नाराज राहिले होते. तेव्हापासून त्यांनी स्वतःला आवरायला शिकवले होते. तो निरोप आपल्या प्रवासाचा नसून तिच्याच प्रवासाचा होता, असे मौलानांना पुढे जाणवले.

चिताखान सज्जन होता. सरकारला काही कळवायचे असेल, तर मी ते ताबडतोब मुंबईला पोचवतो, असे त्याने सुचवले. मौलानांनी काहीही मागायचे नाही असे सांगितले. अधिकाऱ्याने जवाहरलालांना मध्ये घातले. त्यांनी संध्याकाळी बराच वेळ समजावले. उत्तर तेच. ज्या सरकारला आपण देश सोडून जायला सांगितले, त्याच्यापुढे पदर पसरायचा नाही.

आणि मग सुरू झाली आतली लढाई. त्यांनी ठरवले, दिनक्रमात तसूभर फरक पडू द्यायचा नाही. पहाटेचा चहा, लेखन, ठरल्या वेळी सर्वांबरोबर जेवण, गप्पा, सगळे पूर्ववत. वर्तमानपत्रे दुपारी येत. ती येण्याची वेळ झाली, की त्यांचे कान बाहेरच्या पावलांकडे लागत आणि छातीत धडधडू लागे. पण ते दाराकडे पाठ करून बसत, लिहिण्यात गढून गेल्यासारखे. माणूस आत येई, वर्तमानपत्र ठेवी. मौलाना लगेच हात लावत नसत. जणू घाई कसलीच नाही. मग सावकाश ते उचलत.

हे सगळे सहकाऱ्यांना दिसले ते एका धीरोदात्त पुरुषाचे मनोधैर्य म्हणून. पण मौलानांनी स्वतः काय पाहिले? त्यांनी पाहिले, की हे नाटक आहे. शांत आहोत असे दाखवणारा आतला कोणीतरी गर्विष्ठ आहे आणि आपल्या धीराला कुणी डाग लावू नये, म्हणून तो ही भूमिका वठवतो आहे. ही गोष्ट त्यांनी मनात ठेवली नाही. ११ एप्रिलच्या पत्रात त्यांनी ती स्वच्छ लिहून टाकली. कपाळाला आठी नव्हती, पण आत काळीज धडधडत होते, हे दोन्ही त्यांनी एकाच कागदावर मांडले.

९ एप्रिल १९४३ रोजी दुपारी बातमी आली. झुलेखा बेगम गेल्या. त्यानंतर तीन-चार महिन्यांत भोपाळला राहणारी बहीण आबरू बेगम गेली. तिचीही बातमीच आली.

इथे आपल्यासारख्या वाचकाच्या मनात एक प्रश्न उठतो आणि तो दाबून टाकू नये. मौलानांनी अर्ज करायला हवा होता का? कलकत्त्याच्या त्या घरात वाट पाहणाऱ्या बाईंना काय वाटले असेल? देशाचा मान मोठा, हे खरे. पण छत्तीस वर्षांच्या संसारात जिने कधी काही मागितले नाही, तिच्या उशाशी बसण्यासाठी एक अर्ज केला असता, तर देशाचे काय बिघडले असते? तो निर्णय थोर होता, असे म्हणणारेही असतील आणि कठोर होता, असे म्हणणारेही. कदाचित तो दोन्ही होता. आणि झुलेखा बेगमना अश्रू आवरायला शिकवणारा माणूस स्वतःचे अश्रू आवरण्याचे नाटक करताना स्वतःच्याच नजरेत पकडला गेला, यातले दुःख मौलानांना कळले नसेल, असे मानणे कठीण आहे.

हार

पत्रे त्यानंतर विरळ झाली. शेवटचे पत्र सप्टेंबर १९४३चे आहे आणि ते संगीतावर आहे. दुःखाचा डोंगर कोसळल्यानंतर पाच महिन्यांनी हा माणूस सतारीच्या तारांची, ताजमहालाच्या चांदण्याची आठवण काढतो. आनंद परत आला होता का? आला असेल, तर तो आधीचा राहिला नव्हता. चिमण्यांच्या पत्रातली खुशी वेगळी आणि हे सूर वेगळे.

एप्रिल १९४५ मध्ये मौलानांना नगरहून बंगालमधल्या बांकुऱ्याला हलवण्यात आले आणि जूनमध्ये सुटका झाली. हावडा स्टेशनवर प्रचंड गर्दी लोटली होती. मोटार फुलांच्या हारांनी भरून गेली. घराकडे निघालेली मोटार मौलानांनी आधी कब्रस्तानाकडे घ्यायला सांगितली. हारांपैकी एक हार त्यांनी उचलला, पत्नीच्या कबरीवर ठेवला आणि मूकपणे फातिहा म्हटली. तीन वर्षांपूर्वी ती दारापर्यंत आली होती. आता दारात कुणी नव्हते.

१९४६ साली नगरची पत्रे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपात आली. गुबार म्हणजे धूळ, खातिर म्हणजे मन. मनावर साचलेली धूळ झटकावी, तसे हे लेखन. उर्दू गद्यात या पुस्तकाचे स्थान फार वरचे मानतात. पुढे स्वातंत्र्य आले, फाळणीही आली. जिच्याविरुद्ध मौलाना शेवटपर्यंत बोलत राहिले, तीच गोष्ट झाली. तरी त्यांनी तोंड पाडून बसणे पत्करले नाही. १९४७पासून अखेरपर्यंत ते शिक्षणमंत्री राहिले. खरगपूरची पहिली आयआयटी, विद्यापीठ अनुदान आयोग, साहित्य, संगीत-नाटक आणि ललित कला या तिन्ही अकादमी त्यांच्याच कारकिर्दीतल्या. एके काळी चोरून सतार शिकलेल्या मुलाने देशाला संगीताची अकादमी मिळवून दिली! २२ फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. दिल्लीत जामा मशिदीसमोर त्यांची कबर आहे. १९९२ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. भुईकोट लष्कराच्या ताब्यात आहे आणि नेत्यांना जिथे ठेवले होते त्या खोल्या स्मारक म्हणून जपल्या आहेत. तिथे जाणारे बहुतेक लोक नेहरूंची खोली शोधतात, हे साहजिकच आहे. पण कधी गेलात, तर छताकडेही एकदा नजर टाका.

अंतर्मुख व्हा म्हणजे आनंद मिळेल, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आत पाहिले की नेहमी सुखच दिसते, असा त्यांचा समज असतो. मौलानांची गोष्ट थोडी निराळी आहे. ज्या नजरेने त्यांना पहाटेच्या चहात आणि चिमणीच्या पंखात आनंद दाखवला, त्याच नजरेने पुढे त्यांचा अहंकार दाखवला. त्यांनी ती नजर दुसऱ्या वेळी मिटून घेतली नाही. म्हणूनच तिने पहिल्या वेळी दाखवलेल्या आनंदावर आपण विश्वास ठेवू शकतो. रविवारच्या सकाळी घर जागे होण्याआधी चहाचा कप घेऊन घटकाभर एकटे बसणे तुम्हाआम्हालाही जमण्यासारखे आहे. त्या घटकेत आपले हसू खरे आहे का, आणि आपला धीर खरा आहे का, हे दोन्ही प्रश्न स्वतःला विचारता आले, तर नगरच्या त्या पहाटेचा थोडा उजेड आपल्याही घरात येईल.